आमची वाटचाल : पळीचा फोटो

आमच्या स्टुडिओत शिरलं की समोरच्या भिंतीवर एकच मोठा फोटो दिसतो. काळ्याकुट्ट गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, वर आलेली पळी, तिच्या काठावरून निसटणारी लाल तर्री आणि पळी धरलेला हात. मनगटावर हिरव्या बांगड्या, त्यांच्याखाली जुन्या चटक्याचा डाग. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हा कोणत्या लग्नातला?" हा लग्नातला नाही. तो काढायला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे कोणी दिले नव्हते. या फोटोपायी आमचा धंदा बुडायला आला होता, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

१९९६ साली नागपूरच्या महाल भागात दहा बाय बाराच्या खोलीत बसलो. एक निकॉन एफएम२ कॅमेरा, पन्नास एमएमची लेन्स, सासऱ्यांनी घेऊन दिलेला एनलार्जर (फिल्मवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) आणि मागच्या न्हाणीघरात डार्करूम. एफएम२ आजही कपाटात आहे आणि चालू आहे. त्याला सेल लागतो तो उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता. सेल संपला तरी शटर पडतंच. पुढची पंधरा-सोळा वर्षं लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप, पासपोर्ट यांत गेली. घर चाललं, मुलगी शिकली.

स्वतःचं काम चातुर्मासातलं, कारण तेव्हा लग्नं नसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा घालवायला काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत रेटणाऱ्या गर्दीत पिवळी आणि काळी समोरासमोर येतात, तेव्हा कॅमेरा डोक्यावर धरून अंदाजानेच क्लिक करावं लागतं. दसऱ्याला दीक्षाभूमी. १९५६च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, तिथे रात्रभर प्रवास करून आलेली माणसं उपाशीपोटी आधी पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहतात. ते चेहरे मी वर्षानुवर्षं काढत आलो. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी २०१९च्या नोव्हेंबरात बंद होईपर्यंत तिच्यातून उमरेड, भिवापूर केलं. भिवापूरला उतरलो की मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या मोकळ्या जागेवर, जायचो. मिरचीच्या मुकट्या (देठं) खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग संध्याकाळपर्यंत जात नाही. त्या हातांचे चाळीस-पन्नास फोटो माझ्याकडे आहेत, एकही विकलेला नाही.

यातूनच सावजीचं, म्हणजे नागपुरी झणझणीत जेवणाच्या फोटोंचं, काम निघालं. आमच्या मागच्या गल्लीत एका काकूंचं भोजनालय होतं. चार टेबलं, आत चूल, पाट्यावर वाटलेला मसाला. हलबा कोष्ट्यांच्या घरातलं हे जेवण. काकूंच्या सासरी हातमाग होता, तो बंद पडल्यावर त्यांनी चूल धरली. पहिल्या दिवशी मी दारातूनच कॅमेरा काढला तर म्हणाल्या, "काऊन जी, जेवून तं घ्या आधी. फोटो कुठं पळून चालले?" त्यानंतर मी तीन महिने रोज संध्याकाळी तिथे जेवलो. पहिले पंधरा दिवस कॅमेरा पिशवीतच होता. खिशात पैसे असत तेव्हा देत असे, नसत तेव्हा काकू वहीत लिहीत.

नवीन पोरांसाठी इथेच सांगून टाकतो. अशा स्वयंपाकघरात ट्यूबलाइट असते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवा, नाहीतर फोटोवर पट्टे येतील, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे. तर्रीचा लाल रंग सेन्सरला झेपत नाही, म्हणून अर्धा-पाऊण स्टॉप कमीच एक्स्पोज करा, म्हणजे उजेड थोडा कमी घ्या. वाफेत लेन्स एकदम नेऊ नका. आणि लेन्स कूलरच्या खोलीत ठेवू नका. उन्हाळाभर कूलरची ओल पिऊन काचेवर बुरशी धरते. माझी पस्तीसची लेन्स अशीच गेली.

आता मूळ गोष्ट. तेव्हा आम्ही आमच्याच भागातल्या एका मोठ्या स्टुडिओची लग्नं करून देत होतो. नाव लिहीत नाही. त्याच्या मालकाने एकदा नमुने बघायला मागितले. मी विश्वासाने पेनड्राइव्ह दिला, त्यात काकूंचे पन्नास-साठ फोटो होते. सहा महिन्यांनी वर्धा रोडवरून येताना बायकोने माझा खांदा दाबला. गाडी थांबवली. एका नव्या हॉटेलच्या होर्डिंगवर काकूंचा हात होता. तीच पळी, तोच डाग, खाली त्या स्टुडिओचं नाव.

मी त्याच्याकडे गेलो. म्हणाला, "तू माझ्याकडे कामाला होतास. पैसे मी दिले, फोटो माझे." वर बाजारात सांगत सुटला की मी त्याची कामं चोरून विकतो. त्या वर्षी आमची एप्रिल-मेची अकरा बुकिंगं गेली. कॅमेऱ्याच्या कर्जाचे हप्ते थकले. निकॉन डी७०० विकला, दोन लेन्स विकल्या, हाताखालच्या पोराला कामावरून सुट्टी दिली. बायको रात्री हिशेबाची वही उघडायची आणि काही न लिहिताच मिटायची.

वकिलांनी समजावलं तेव्हा कळलं की पेच कुठे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसताना पहिला मालक तो काढून घेणारा. स्वतःहून काढला तर मालक फोटोग्राफर. म्हणजे मला दाखवायचं होतं की त्या संध्याकाळी मी कोणाच्याही कामावर नव्हतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल, माझ्याकडेच होत्या. त्या फ्रेमच्या आधीच्या सहा आणि नंतरच्या नऊ फ्रेमही होत्या. त्याच्याकडे फक्त जेपीजी. पण तो म्हणे, कॅमेऱ्यातली तारीख कोणीही बदलू शकतो.

काकूंना हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांना गल्लीतून कळलं. दुसऱ्या दिवशी त्या वकिलांच्या ऑफिसात पिशवी घेऊन आल्या. पिशवीत उधारीची वही होती, कोपरे तेलाने पारदर्शक झालेली. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, तिथी आणि तारखेसकट ओळी: "फोटोवाले, १ ताट." फोटोच्या तारखेसमोर लिहिलं होतं, "फोटोवाले, १ ताट, भाकर जास्त." काकू वकिलांना म्हणाल्या, "हात माह्या आहे. मले कोनी इचारलं काय?" त्या प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नव्हतं.

हॉटेलवाल्यांनी नोटीस मिळाल्यावर आठवड्यात होर्डिंग उतरवलं आणि काकूंना जाऊन भेटले. स्टुडिओवाल्याने एक रुपया दिला नाही, माफीही मागितली नाही. आजही लग्नाच्या हॉलमध्ये समोरासमोर आलो की तो दुसरीकडे बघतो. मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

तेव्हापासून आमच्याकडून रॉ फाइल कोणालाही जात नाही, नमुने छोट्या आकारातच जातात आणि प्रत्येक कामाचा एका पानाचा करार होतो. स्वतःच्या फोटोच्या मागे मी जागा, तारीख आणि त्या माणसाने काय म्हटलं ते पेन्सिलीने लिहितो. डी७००च्या जागी कॅमेरा घ्यायला पावणेदोन वर्षं लागली. पहिलं काम त्याच हॉटेलने दिलं, सगळ्या मेन्यूचे फोटो. मी पैसे घेऊन काढले आणि करारावर तसं स्पष्ट लिहिलं.

काकूंनी आता चूल सोडली, भोजनालय सून बघते. त्या वहीत माझे तीनशे चाळीस रुपये अजून बाकी दिसतात. दिवाळीत द्यायला गेलो तर सुनेने वही उघडली आणि आतल्या खोलीकडे बघत विचारलं, "आई, यायचे घेऊ काय?" आतून उत्तर आलं, "नको. जेवले काय ते इचार."