आमची वाटचाल : एक दालन आणि जगभरचा बाजार

समकालीन कलेचं दालन काढलं तेव्हा हिशेब साधा होता. ज्यांच्या स्टुडिओत कधीही डोकावता येईल अशाच कलावंतांचं काम लावायचं. विकलं गेलं की निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे. ही निम्मी वाटणी या धंद्यात बहुतेक सगळीकडे चालते. आमच्या निम्म्यातून भाडं, दिवे, कॅटलॉग, पगार. उरलं तर नफा.

मग कलामेळ्यांचा, म्हणजे दालनांनी भाड्याच्या बूथमध्ये काम मांडून विकायच्या मेळ्यांचा, रेटा आला. तसे मेळे जुनेच. १९६७ साली जर्मनीत कोलोनला भरला, १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलला. पण २००२ मध्ये हा बाझलचा मेळा, आर्ट बाझल, अमेरिकेत मायामीला गेला, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये फ्रीझ हा मेळा सुरू झाला, २०१३ मध्ये बाझलवाले हाँगकाँगला पोचले आणि मोठे संग्राहक वर्षभर मेळ्यांमागे फिरू लागले. ‘मेळ्यात नाही म्हणजे कुठेच नाही’ असं आमचे कलावंतच बोलायला लागले. आम्हीही जायला लागलो.

बूथचं भाडं, खोके, विमा, कस्टम्सचे कागद, माणसांची तिकिटं; हे सगळं चार-पाच दिवसांत वसूल व्हायला हवं. त्यामुळे काय न्यायचं ते आवड नाही, खर्च ठरवतो. चालता चालता नजरेत भरेल आणि खोक्यात नीट बसेल, ते जातं.

आमच्याकडच्या एका शिल्पकर्तीचं ओल्या मातीचं मांडणशिल्प होतं. भिंतीच्या कोपऱ्यातून जमिनीवर उतरलेलं, वाळेल तसं तडकत जाणारं. ते मेळ्यात न्यायचं कसं? दालनात महिनाभर राहिलं. एक संग्राहक बाई दर आठवड्याला येऊन तडे कुठवर आलेत ते बघून जायच्या. प्रदर्शन संपता संपता त्यांनी ते घेतलं, तेही हप्त्यांनी. घेतलं म्हणजे काय, तर पुन्हा बांधण्याच्या सूचना, रेखाटनं आणि सहीचं प्रमाणपत्र. माती तर आम्ही खरवडून काढली! असा व्यवहार मेळ्याआधी संग्राहकांना पाठवतात त्या फोटोंच्या पीडीएफवर होत नाही, निदान आमच्याकडे तरी झालेला नाही.

परदेशी संग्राहक नकोत असं मुळीच नाही. त्यांच्या पैशावर आमची कितीतरी न विकली जाणारी प्रदर्शनं उभी राहिली आहेत. पण नाव झालेला कलावंत अनेक देशांत शाखा असलेल्या दालनाकडे जातो, आणि सुरुवातीच्या वर्षांचा खर्च आमच्या खाती राहतो. बड्यांना हे कळत नाही असंही नाही. मोठ्या दालनांनी जास्त भाडं भरून छोट्यांचा भार हलका करावा, असं २०१८ मध्ये डेव्हिड झ्विर्नर या बड्या दालनमालकानेच सुचवलं होतं. आर्ट बाझलने पुढे बूथ मोठा तसा दर चढा केला. दिलासा आहे, पण खोके आणि तिकिटं तेवढीच.

आम्हाला जास्त पटला तो २०१६ मध्ये लंडनला सुरू झालेला ‘काँडो’चा प्रकार : स्थानिक दालनांनी आपली जागा बाहेरच्या दालनांना वापरू द्यायची. त्याच धर्तीवर आम्ही दुसऱ्या देशातल्या एका दालनाशी अदलाबदल ठरवली आहे. त्यांच्याकडून भाडं नाही, विक्रीत वाटा नाही. अट एकच, काम लावायला आणि पहिले काही दिवस येणाऱ्यांशी बोलायला त्यांनी स्वतः हजर राहायचं.