डाव्या हाताचा एक्स-रे

नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरवर मी एक्स-रे काढतो. 'बोन एज'साठी, म्हणजे हाडांवरून वय बघायला, अंडर-16 क्रिकेटची पोरं येतात आणि उंची खुंटली म्हणून आईबाप घेऊन येतात तीही. काढायचा डावाच हात. उजवा का नाही, हे रोज कोणीतरी विचारतंच.

मे महिन्यात उमरेडकडचे एक काका मुलगा आणि पुतण्या घेऊन आले. दोघंही 16 पूर्ण. मुलगा 152 सेंटिमीटर, आवाज अर्धवट फुटलेला, ओठावर नुसती लव. पुतण्या 163, दाट मिशी, हनुवटीवरही केस, खांदे रुंद. तो खरं तर सोबतीला आलेला. पण त्याला पोलीस भरतीत जायचं होतं आणि तिथं 165 लागतात, म्हणून डॉक्टरांनी त्याचाही लिहून दिला. काकांना चिंता फक्त मुलाची. "याचंच काहून असं होऊन राहिलं?" उंची वाढवायच्या पावडरीचे डबेही झाले होते. टीव्हीवर ते विकणाऱ्यांना एकदा माझ्या खोलीत आणून बसवावंसं वाटतं.

हात कॅसेटवर सपाट, बोटं थोडी फाकलेली, मधलं बोट मनगटाच्या सरळ रेषेत, किरण तिसऱ्या मेटाकार्पलच्या, म्हणजे मधल्या बोटाच्या रेषेतल्या तळहाताच्या हाडाच्या, टोकावर. मनगट तिरकं पडलं की रेडियसची, म्हणजे मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाची, फट नीट दिसत नाही (हाड वाढतं ते या फटीतूनच, ती बुजली की वाढ संपली) आणि वाचणारा चकतो. आमचे नवे टेक्निशियन हे घाईत उरकतात. मला बघवत नाही. त्यात ताडून बघायला अजूनही 1959 सालचा अमेरिकन अ‍ॅटलास, म्हणजे वयावार हातांच्या एक्स-रेंचं पुस्तक, तोही तिथल्या खात्यापित्या घरच्या पोरांवरून केलेला.

मुलाच्या प्लेटवर अंगठ्याच्या मुळाशी तिळाएवढं हाड आलेलं, बाकी सगळीकडे काळ्या फटी स्वच्छ उघड्या. हाडं 14 वर्षांचीसुद्धा नव्हती. पुतण्याच्या बोटांतल्या फटी पूर्ण बुजलेल्या, रेडियसवर फक्त पांढरी रेघ. मिशा फुटतात त्या पुरुषी हार्मोनचाच काही भाग अंगात इस्ट्रोजेन होतो आणि तोच या फटी बुजवतो. जो आधी पुरुष दिसायला लागला, त्याची वाढ आधी संपली.

आम्ही काही बोलायचं नसतं. "दादा, माह्यं किती उरलं?" पुतण्यानं विचारलं. म्हटलं, डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांनी सांगितलं: धाकुटा दिसतो तो उशिरा वाढणारा, 165 च्या पुढे जाईल. काका हसून म्हणाले, मीही कॉलेजात गेल्यावरच वाढलो होतो. हे आधी कोणी विचारलंच नव्हतं! पुतण्याला फार तर एखादा सेंटिमीटर.

तो परत माझ्याकडे आला. "हात हलला असंल, पुन्हा काढता का?" हलला असता तर हाडांच्या कडा पुसट आल्या असत्या, मी स्क्रीनवर दाखवलं. त्यानं प्लेट नीट पाहिली आणि काकांना हाक मारली. काका व्हरांड्यात फोनवर घरी मुलाची बातमी सांगत होते.