लॉवेलच्या साचेखात्यात

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून गाडी पकडली आणि पाऊण तासात लॉवेलला, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या गावी, उतरलो. बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात शिरताना कानात घालायला बोळे मिळाले. हसू आलं. आमच्या आजोबांची उभी हयात लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, गेली, त्यांना कुणी दिले होते बोळे? ऐटीत खिशात टाकले. अर्ध्या मिनिटात गुपचूप कानात घातले.

दालनात ८८ साचे आहेत. चालू होते मोजकेच, तरी पायाखालची लाकडी जमीन थरथरत होती. धोटा दिसतच नाही, नुसता फटका ऐकू येतो. हे साचे विसाव्या शतकातले. पण १८३०-४० च्या सुमारास अशाच दालनांतून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्यांच्या पोरी उभ्या असत, आठवड्याला सरासरी ७३ तास. भोंगा नव्हता, घंटा होती.

जवळच त्यांची राहण्या-जेवणाची खानावळ जपून ठेवली आहे. एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. मुली धाकात राहाव्यात म्हणून ही व्यवस्था. पण एका ताटावर जेवणाऱ्या मुली बोलणारच. १८३४ मध्ये पगार कापले तेव्हा संप, १८३६ मध्ये खानावळीचा वाढीव खर्च अंगावर टाकला तेव्हा पुन्हा संप. दोन्ही वेळा निघाल्या त्या मुलीच.

मला सगळ्यात भावली ती १८४५ ची गोष्ट. दहा तासांचा दिवस मागणाऱ्या अर्जांवर दोन हजारांहून जास्त सह्या झाल्या. गिरणीतलीच सारा बॅगली आणि तिच्या सोबतिणींनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षी दिल्या. अध्यक्ष होते लॉवेलचेच आमदार विल्यम शाउलर. समितीने सगळं ऐकून घेतलं आणि कायदा करणं आमचं काम नाही म्हणून हात झटकले. बायकांना मत नव्हतं. तरी त्यांनी शाउलरविरुद्ध रान उठवलं आणि पुढच्याच निवडणुकीत गडी पडला!

कौतुकाच्या भरात एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. या साच्यांवरचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि त्याच गुलामांच्या अंगावर घालायचं जाडंभरडं कापडही लॉवेलमध्ये विणलं जाई.

बाहेर कालव्याकाठी आलो तेव्हा कान वाजत होते. गिरण्यांना पाणी पुरवणाऱ्या या कालव्यांसाठी १८२२ मध्ये ह्यू कमिस्की तीसेक आयरिश मजूर घेऊन चार्ल्सटाउनहून इथवर चालत आला. मुलींना विटांची पक्की घरं मिळाली. आयरिश लोकांनी एकर नावाच्या भागात झोपड्या टाकल्या. तिथवर चालत गेलो. भूक लागली होती. आता लॉवेलमध्ये कंबोडियातून आलेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्याच एका मावशींच्या छोट्या हॉटेलात वाफाळतं सूप मागवलं. त्या काहीतरी विचारत होत्या. तेव्हा लक्षात आलं, बोळे अजून कानातच होते.