साडेपाचनंतरचं मैदान

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात वर्ग, फळा, स्नेहसंमेलन यांवर लिहिणारे बरेच जण असतील. मला लिहायचंय ते शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर सुरू होणाऱ्या मुलींच्या मैदानाबद्दल. माझी खरी घडण तिथे झाली.

ताई आपल्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. महाराष्ट्राच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेली. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी एक रुपयाही न घेता आम्हाला खो-खो शिकवायची. तिचं नाव या अंकात इतरत्र येईलच, आम्हा मुलींना ती फक्त ताई.

पहिले कित्येक दिवस तिने आम्हाला खेळूच दिलं नाही. मैदानाला फेऱ्या, दोरीवरच्या उड्या, बैठका. मग पाटीवर, म्हणजे मैदानावर आखलेल्या आपल्या जागेवर, बसणं. पंजे जमिनीत रोवायचे, टाचा उचललेल्या, हात पुढे टेकलेले, नजर समोर. पोटऱ्या पेटायच्या. ती मागून यायची, पाठीवर थाप द्यायची आणि ओरडायची, ‘खो!’ थाप आणि आवाज एकदमच यायला हवा, त्याआधी जागेवरून हललं की फाउल. आमचा आवाज मात्र फुटायचा नाही. घरात ‘पोरीच्या जातीनं हळू बोलावं’ हे ऐकत वाढलो होतो. ताई खांबाजवळ जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, ‘इथपर्यंत ऐकू आला नाही. परत.’ महिन्याभरात आमचा खो रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत जायला लागला.

खांबावरचा सूर तिने मला कसा शिकवला ते अजून अंगात आहे. डाव्या हाताने खांब धरायचा, पाय खांबाच्या बुडाशी, सगळं वजन बाहेर झोकून द्यायचं आणि उजवा हात पळणाऱ्या मुलीच्या पाठीकडे लांबवायचा. हात सुटेल या भीतीने मी अंग आखडून घ्यायची. तिने माझं मनगट खांबावर दाबून धरलं आणि सांगितलं, ‘खांब तुला सोडत नाही, तूच त्याला सोडतेस.’ तिच्या गुडघ्यांवर जुन्या खरचटल्याचे पांढरे वण होते. ते ती कधी झाकायची नाही.

पी.टी.चे सर मनापासून शिकवायचे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण काही गोष्टी सरांना सांगता येत नव्हत्या. आठवीत गेल्यावर मुली एकेक करून मैदानावरून गळायच्या. कारण सगळ्यांना माहीत असायचं, बोलायचं कुणी नाही. ताईने ते बोलून टाकलं. पाळीत खेळता येतं, दुखत असेल तर बाजूला बसून गुण मोज, पण घरी बसू नकोस. क्रीडासाहित्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात ती पॅडचा पुडा आणि एक जादा काळी पँट ठेवायची. त्या कप्प्यामुळे किती मुली टिकल्या, हे आम्हालाच ठाऊक.

घरचंही तिने सांभाळलं. दिवेलागणीला पोरगी घरात हवी, यावर माझी आई ठाम होती. ताई एकदा थेट घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, ‘मावशी, सात वाजता मी दारात आणून सोडते. एक दिवस उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापासून पाठवू नका.’ त्यानंतर आम्हा आमच्या गल्लीतल्या मुलींना ती रोज चालत सोडायची.

सराव संपला की मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळायचा. आज मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, तेव्हा त्या गूळ-शेंगदाण्यांचं मोल जास्त कळतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. माझ्यासमोर रोज अशा मुली येतात, दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या. त्यांना लोहाच्या गोळ्या देताना मी हटकून विचारते, शाळेत खेळतेस का? बहुतेकींचं उत्तर मान हलवून ‘नाही’.

आमच्यातल्या फार थोड्या पुढे खेळल्या. एक जण खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसात गेली. बाकीच्या संसाराला, नोकरीला लागलो. पण आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी एकमेकींना फोन केले. १९९८ साली, म्हणजे आमच्या दहावीच्या वर्षी, खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर तो २०२० साली सारिकाताईंनाच मिळाला. बावीस वर्षं! आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० हरवलं, तो सामना मी वॉर्डातल्या मैत्रिणींना जबरदस्तीने दाखवला.

ताई आता थकली आहे, गुडघे साथ देत नाहीत. म्हणून आम्ही जुन्या मुलींनी ठरवलंय की येत्या जूनपासून आठवड्यातले वार वाटून घ्यायचे आणि पाचवीपासूनच्या मुलींचा सराव पुन्हा रोज सुरू करायचा. शनिवार माझा. संस्थेकडे मागणं एवढंच आहे: मैदानाच्या कडेला मुलींना कपडे बदलायला एक खोली, तिला आतून कडी, आणि खांबांच्या दोन्ही बाजूंना दिवे. कपाटातला खालचा कप्पा आम्ही भरतो.