कूलर लागला की नेट स्लो का होते

होळी झाली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या, वर्षभर पडवीत पडलेला कूलर धुवून नवी खस लावून खिडकीत बसतो, आणि नेट रडायला लागते. असे तीन उन्हाळे गेले पण या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बाबांनी कारण शोधून ठेवलं होतं, "उन्हानं वायर तापते, मंग स्लो होईलच ना." आणि मी, नागपुरात इंजिनिअरिंग करून आलेला शहाणा, दर मार्चमध्ये कंपनीला फोन करून भांडायचो.

आमचं गाव काटोलच्या पुढं, चहूकडे संत्र्याच्या बागा. ऑफिस नागपुरात मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, दोन दिवस तिकडं आणि बाकी दिवस घरून काम. प्लॅन 50 एमबीपीएसचा आणि मागच्या खोलीत माझ्या टेबलावर मिळायचे 4, कधी 3. (50 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 50 एमबीची फाईल नाही हं, 8 नं भागायचं, सव्वासहा एमबी. यावरून माझ्या मोठ्या भावानं एकदा कस्टमर केअरच्या पोरीला पाऊण तास झापलं होतं, चूक त्याचीच होती.) एक दिवस मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं असतानाच फ्रीज झाला, टीमनं त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तेव्हा ठरवलं की आता भांडण बंद, आधी मोजायचं.

मोजायचं म्हणजे काय तर लॅपटॉप उचलून बैठकीत नेला, वायफाय बंद केलं, राउटरला लॅनची वायर लावली आणि टेस्ट घेतली. 47. पुन्हा घेतली, 46. म्हणजे बाहेरून नेट जवळपास पूर्ण येत होतं आणि घरातच सांडत होतं, आणि मी तीन वर्षं दुसऱ्याला शिव्या घालत होतो.

आमचं घर जुनं आहे, समोर बैठक, मधात अंगण, अंगणापलीकडं माझी खोली. भिंती दीड दीड फुटाच्या. राउटर बैठकीत अंगणाकडच्या खिडकीजवळ, कारण फायबरवाल्या भावाला तिथंच खिळा दिसला. वर्षभर ती खिडकी उघडी असते, सिग्नल तिच्यातून निघून अंगण ओलांडून माझ्या खोलीत यायचा. उन्हाळ्यात त्याच खिडकीत काय बसते? लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली टाकीत पाणी, तीन बाजूनं ओली खस. वायफायच्या लहरी पत्रा परतवतो आणि पाणी पिऊन टाकते, त्यातून उरलं तर ते दीड फुटाच्या भिंतीतून जाणार. कूलर लोटून खिडकी मोकळी केली आणि परत टेस्ट घेतली तर माझ्या टेबलावर 22. आई मागून ओरडली, "अरे बापा, 45 डिग्रीत कूलर काहून काढला?" तिला काय सांगू.

कूलर काढणं हा नागपूर जिल्ह्यात उपाय होऊ शकत नाही, म्हणून राउटरच हलवायचा ठरला. पण त्याच्या आधी मी एक मूर्खपणा केला तो सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. ऑनलाईन वायफाय एक्स्टेंडर मागवला, दीड हजाराचा. आता स्वस्त एक्स्टेंडर त्याच एका रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होऊन जातो, वरून मी तो लावला माझ्या खोलीत, जिथं सिग्नल आधीच मेलेला. मेलेला सिग्नल त्यानं फुल दांड्या दाखवत पुढं पाठवला. फोनवर दांड्या पाच, व्हिडीओ गोल गोल फिरते.

शेवटी नागपूरच्या बर्डी बाजारातून 25 मीटर कॅट 6, म्हणजे लॅनची वायर आणली, लाईट फिटिंगच्या पाइपातून अंगणाच्या कडेनं नेली आणि जुना पडलेला राउटर माझ्या खोलीत अॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथं वायफायनं वाटायला लावला. त्यात फक्त डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, ते मोठा राउटरच करतो) बंद करायचं आणि वायर लॅनच्या भोकात घालायची, वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येते त्या भोकात नाही. वायफायचे दोन पट्टे असतात, घरातल्या जवळच्या फोनना 5 गिगाहर्ट्झ, आणि अंगणात, गोठ्यात बसणाऱ्यांना 2.4, कारण 2.4 हळू असते पण भिंतीतून जास्त जाते. शहरात फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे वीस वायफाय एकमेकांवर चढलेले असतात, तिथं चॅनल 1, 6 की 11 हे बघत बसावं लागते, गावात ती भानगड नाही, शेजारी वायफायच आपलं वापरतो. एक सांभाळायचं, अंगणातून वायर नेली की वीज कडाडली तर दोन्हीकडून काढून ठेवायची.

एवढं करून दिवसा 45 यायला लागले. पण मधूनच लाईन तुटायची, ओएनटीवर लाल दिवा लुकलुकायचा, विशेषतः वारा सुटला की. ओएनटी म्हणजे फायबर ज्या डबीत येते ती. तिच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर म्हणून एक आकडा असतो, फायबरमधून किती उजेड पोचतो त्याचा, उणेमध्ये. उणे 20 च्या आसपास असेल तर झोपा बिनधास्त, उणे 27 म्हणजे काठावर, तिथून खाली ओएनटीला उजेडच दिसत नाही. आमचा होता उणे 26.8. तक्रारीत मी यावेळी "नेट स्लो आहे" असं न लिहिता हा आकडा लिहिला. दुसऱ्याच दिवशी लाईनमन भाऊ आला. त्यानं खांबावरच्या डबीत मीटर लावला, उणे 21. घरी 27. मधातल्या दीडशे मीटरमध्ये 6 डीबी (उजेडाची घट मोजायचं माप) गेले, आणि दर 3 डीबीला उजेड निम्मा होते म्हणजे आमच्या घरी पाव हिस्साच पोचत होता.

शोधत गेलो तर कोणीतरी फायबर आमच्याच संत्र्याच्या झाडाला तारेनं आवळून बांधलं होतं, फांदी वाढली, वायर काटकोनात मुडपली, वारा आला की अजून दबायची. फायबर म्हणजे काच आहे, मुडपली की उजेड वळणावर बाहेर पडतो. भाऊनं तार कापली, जास्तीच्या वायरचा ताटलीएवढा सैल गोल केला, टोकाचा कनेक्टर बदलला आणि मीटर दाखवला, उणे 21.5. "दादा, हे तीन वर्षापासून असंच होतं का?" असं त्यानंच मला विचारलं. चहा पाजला त्याला.

आता उरली रात्रीची गोष्ट. 8 ते 11 मध्ये वायर लावूनही 12-15 च्या वर जात नाही. याच्यावर घरात काही उपाय नाही, सगळं गाव त्याच लायनीवर सिरीयल आणि क्रिकेट बघते आणि काटोलकडून येणारा पाइप तेवढाच. भारतनेट ही सरकारची गावोगावी फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, तेव्हा नाव एनओएफएन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) होतं, त्याचं लक्ष्य ग्रामपंचायतीपर्यंत फायबर. पंचायतीपासून आपल्या मागच्या खोलीपर्यंतचा प्रवास वेगळाच. आपल्याच जिल्ह्यातल्या सातनवरीत 2025 च्या ऑगस्टमध्ये स्मार्ट गावाचं उद्घाटन झालं, बाबा ती बातमी मोबाईलवर बघत होते आणि ती बातमीच चार वेळा अटकली. सरकारी व्याख्येत 2023 पासून किमान 2 एमबीपीएस असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणतात, तर त्या हिशोबानं आम्ही रात्रीही श्रीमंतच आहो. तरी मी आठ दिवस सकाळ-रात्र वायरवर टेस्ट घेऊन स्क्रीनशॉट जमवले, डॉकेट म्हणजे तक्रारीचा नंबर घेतला, आणि तिथं काही झालं नाही तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडं जाता येते, तिकडं गेलो. अजून उत्तर नाही. तोवर फोनचे फोटो बॅकअप रात्री 1 नंतरवर टाकले, कारण अपलोड भरलं की डाउनलोडचीही वाट लागते, आणि आमच्या घरी वहिनी रोज तीन-चारशे फोटो काढते.

काकाजींचं घर वावरात आहे, तिथं फायबर येतच नाही. त्यांच्याकडं सिमचा डब्बा, म्हणजे मोबाईल सिमवर चालणारा राउटर, टिनाच्या छताखाली, टीव्हीच्या मागं. त्यात आरएसआरपी दिसते, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो त्याचा आकडा, उणे जितका कमी तितका चांगला, तिथं उणे 113. डब्बा आणि मी टिनावर चढलो, टॉवरच्या बाजूला, झाडांच्या वर, तिथं उणे 96. स्पीड 2 वरून 18. आता डब्बा उन्हात तर ठेवता येत नाही, म्हणून दोन अँटेना पाइपावर लावले आणि वायर जितकी आखूड जमेल तितकी ठेवली, कारण लांब वायर कमावलेला सिग्नल खाऊन टाकते. अँटेना दोन लागतात, एकानं निम्मंच काम होते. काकाजींना कोणीतरी मोबाईल बूस्टर विकायला आला होता, तो घेऊ नका, परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे आणि आजूबाजूच्यांचाही सिग्नल बिघडते.

पाइप सध्या सुतळीनं बांधलाय. मान्सूनच्या आधी क्लँप लावायचं ठरलं होतं, पण काल संध्याकाळी वादळ येऊन गेलं आणि आज सकाळी सातलाच काकाजींचा फोन, "अरे, तुझा तो पाइप वरूडकडं वळला बे." तर चाललो मी टिनावर.