दुसऱ्याच्या आवाजाची नोकरी

मी हौशी ऑर्केस्ट्रात रफीसाहेबांची गाणी गातो, आणि अर्नेल पिनेडाचं नावही सारखं माझ्या तोंडी असतं. त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना प्रश्न ठरलेला: "अहो, तो फिलिपिनो तर नुसता नकलाकार. स्टीव्ह पेरीसारखा गातो, एवढंच. त्यात त्याचं स्वतःचं काय?" यात थोडा टोमणा मलाही असतो, ते कळतं मला. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी: जर्नी हा सॅन फ्रान्सिस्कोचा रॉक बँड, 1973 सालचा. 1977 मध्ये स्टीव्ह पेरी आला आणि बँडचं नशीब पालटलं. 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' हे 1981 चं गाणं त्याचंच. त्याने बँड कायमचा सोडल्यावर स्टीव्ह ऑगेरी आला, तोही पेरीच्या वळणाचाच. 2006 मध्ये ऑगेरीच्या गळ्याने दगा दिला. मग थोडा काळ जेफ स्कॉट सोटो. आणि 2007 मध्ये गिटारवादक नील शॉन यूट्यूबवर गायक धुंडाळत असताना त्याला मनिलातल्या 'द झू' नावाच्या बँडच्या चित्रफिती सापडल्या. तिथे पिनेडा गात होता. शॉनचा निरोप आला तेव्हा पिनेडाला वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय. त्याच वर्षी तो जर्नीचा गायक झाला, वयाच्या चाळिशीत.

लोक हे परीकथेसारखं सांगतात. एका क्लिकवर नशीब उघडलं वगैरे. मला त्याचा राग येतो. पिनेडाचा जन्म 1967 चा. तेरा वर्षांचा असताना आई गेली, आजारपणाने घर कर्जात बुडालं, आणि हा मुलगा मनिलाच्या रस्त्यावर आला. लुनेटा पार्कमध्ये झोपायचं, बाटल्या, रद्दी, भंगार विकायचं. पहिल्या बँडमध्ये गेला 1982 मध्ये. म्हणजे शॉनने त्याला पाहिलं तेव्हा हा माणूस पंचवीस वर्षं गाऊन पोट भरत होता. त्यातली बरीच वर्षं हाँगकाँगच्या क्लबांत. मधे, 1999 मध्ये, स्वतःच्या नावाचा अल्बमही काढून झाला होता. तो ऐकून सॅन फ्रान्सिस्कोहून कुणी फोन केला नाही. फोन आला तो पेरीची गाणी ऐकून. तुमच्या प्रश्नातली खरी बोच इथे आहे, आणि ती मी नाकारत नाही.

पण हाँगकाँगच्या क्लबात हा काय करत होता, ते बघा. आशियातल्या बंदरांमध्ये, हॉटेलांत, जहाजांवर फिलिपिनो वादक-गायक शंभरेक वर्षं हेच काम करत आलेत. आपल्याकडे गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओत केलं, साधारण तसं. फिलिपिन्सवर 1898 पासून जवळजवळ अर्धं शतक अमेरिकेचं राज्य, त्यामुळे इंग्रजी गाणी घरातलीच. एडी मेसाला तर फिलिपिन्सचा एल्विसच म्हणत. तबकडीवर आहे तसंच वाजलं पाहिजे, ही तिथल्या ऐकणाऱ्यांची अट. ही सवय इतकी मुरली की 1987 मध्ये सरकारला हुकूम काढावा लागला: रेडिओवर दर तासाला किमान चार गाणी मूळ फिलिपिनो हवीत.

आता कारागिरीचं बोलू. रफीसाहेबांचं गाणं बसवताना सूर लागणं हे सगळ्यात सोपं काम असतं. जीव जातो तो श्वास कुठे घेतलाय ते पकडण्यात, ओळीच्या शेवटी आवाज सोडताना तो कसा विरलाय त्यात, आणि त्या एका जागेत जी घेतली नाही तर पहिल्या रांगेतले काका मान हलवायची थांबतात. पेरीच्या जागा तर वरच्या पट्टीतल्या, लांबवलेल्या स्वरांच्या. आणि क्लबातल्या गायकाला एकच पेरी करून भागत नाही. फर्माईश येईल तसा गळा फिरवावा लागतो. त्या जुन्या चित्रफितींत पिनेडा इतरांचीही गाणी तितक्याच सहज गातो. अशी वर्षं ज्याने काढली त्याला मी 'नुसता' म्हणत नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या वेळी दूतावासातल्या अधिकाऱ्याने त्याला तिथेच जर्नीचं 'व्हील इन द स्काय' गायला लावलं, असा किस्सा आहे. गाऊन दाखवलं आणि व्हिसा मिळाला!

पुढचं मात्र सोपं नव्हतं. त्याची निवड झाल्यावर जर्नीच्याच काही चाहत्यांनी त्याच्या वंशावरून गरळ ओकली. 2008 मध्ये 'रिव्हेलेशन' आला. त्यात एका सीडीवर नवी गाणी, दुसरीवर पेरीच्या काळातलीच गाणी पिनेडाच्या आवाजात. अल्बम प्लॅटिनम झाला. 2017 मध्ये जर्नीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा सन्मान पेरीला मिळाला आणि गायला पिनेडा. पिनेडाचं नाव त्या यादीत नाही. पेरीने भाषणात त्याचे मनापासून आभार मानले, हे पेरीचं मोठेपण. पण मला विचाराल तर यादी चुकली. पेरीचा बँडबरोबरचा शेवटचा दौरा 1987 मध्ये संपला. पिनेडा 2008 पासून उभा आहे, पेरीहून कितीतरी जास्त वर्षं. आणि गातोय काय, तर पेरीने तिशीत गायलेली गाणी.

सप्टेंबर 2024 मध्ये रिओच्या मोठ्या महोत्सवातलं त्याचं गाणं लोकांनी फोनवर फिरवून फिरवून झोडपलं. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. त्याने जाहीर लिहिलं की दहा लाख लोकांनी 'जा' म्हटलं तर मी कायमचा निघून जाईन. माझ्या मते ते त्याने लिहायला नको होतं. प्रेक्षकांच्या हातात कुणी असा कागद देतं का? पण मूळ गायकावर अशी पाळी येत नाही. त्याचा स्वर चिरकला तर लोक म्हणतात, वय झालं. आमचा चिरकला तर म्हणतात, बघा, नकली होता.

ऐकायचाच असेल तर स्टेडियममधला पिनेडा आधी ऐकू नका. जर्नीत येण्याआधीच्या, क्लबातल्या चित्रफितींपासून सुरुवात करा. त्यातलं जर्नीचं 'फेथफुली' शोधा.