हातचं सोडून

कार्डिफ, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

रात्रीचे अकरा वाजून गेलेत, घसा पार बसलाय. रग्बीचा सामना, वेल्स २४, जपान २३. अगदी शेवटी जॅरड इव्हान्सची पेनल्टी खांबांमधून गेली आणि शेजारच्या अनोळखी आजींनी मला घट्ट मिठी मारली. पण मी आज गेले होते लुई रीस-झॅमिटला बघायला. त्याने ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

हा पोरगा इथल्याच, कार्डिफजवळच्या पेनार्थचा. अठराव्या वर्षी ग्लॉस्टरकडून व्यावसायिक रग्बी, एकोणिसाव्या वर्षी वेल्सची लाल जर्सी, विसाव्या वर्षी ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या लायन्स संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा. २०२१ साली कोविडमुळे रिकाम्या असलेल्या स्कॉटलंडच्या मरेफील्ड मैदानावर त्याने चेंडू बचावपटूच्या पलीकडे लाथाडला आणि असा सुटला, की सगळ्यांच्या आधी स्वतःच तिथे पोचला. तो ट्राय लेकाने आणि मी किती वेळा पाहिलाय!

मग जानेवारी २०२४. सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेसाठी वेल्सचा संघ जाहीर व्हायचा, त्याच दिवशी याने सांगितलं, मी अमेरिकन फुटबॉल खेळायला चाललो. तेवीस पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा होता. मी फार चिडले होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं मी लेकाला म्हटल्याचं आठवतंय. तो म्हणाला, "अगं आई, पाय चालतायत तोवरच जाता येतं ना?"

तिकडे काही जमलं नाही. कॅन्सस सिटीच्या संघाने हंगामाआधी कमी केलं, जॅक्सनव्हिलच्या संघाने सरावाच्या ताफ्यात घेतलं, पाठ दुखावली. लीगचा एकही सामना खेळायला न मिळता यंदा तो रग्बीत परतला, ब्रिस्टल क्लबकडे. आणि आज पुन्हा तीच लाल जर्सी.

घरी आलो तर लेकाचा उजवा कान टम्म सुजलेला. तोही रग्बी खेळतो; गुरुवारी स्क्रममध्ये, दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात त्यात, चिंबला होता, माझ्यापासून टोपीखाली लपवून ठेवलेला. मटारची थंड पिशवी फडक्यात गुंडाळून धरली. हात लावला आणि चमकलेच. वरची पाळी जाड, गरम, आतून पाणी भरल्यासारखी. हा कान मी लहानपणापासून ओळखते. माझ्या वडिलांचे, आबांचे दोन्ही कान असेच. मांडीवर बसून मी त्या गाठी चाचपायची.

आबा कोल्हापूरला कुस्तीच्या तालमीत वाढले. पहाटे जोर-बैठका, लाल माती, वस्तादांचा धाक, घरातलं दूध आधी त्यांच्या खुराकाला. खासबागेच्या कुस्ती मैदानात लढले. आबांच्या चोविसाव्या वर्षी आजोबा गेले आणि आबा साखर कारखान्यात नोकरीला लागले. पुढे आमच्या घरात कुस्तीचा विषय निघायचा तो दुसऱ्यांच्या कुस्तीचा. गंगावेशीच्या तालमीवरून जाताना मात्र ते सायकलवरून उतरून चालायचे. का, ते मला आज रात्री कळतंय असं वाटतं.

लेकाच्या रग्बी क्लबच्या अकादमीचं पत्र दहा दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. पालकांची सही हवी. लेक सतरा वर्षांचा आहे, आणि यातली बरीच मुलं अठरा-एकोणीसला घरी पाठवली जातात, हे त्यालाही माहीत आहे. डोक्याला मार लागला तर निदान एकवीस दिवस सामना नाही, हा नियम मला तोंडपाठ झालाय. यांचं म्हणणं, आधी बारावीची परीक्षा. मीही तेच म्हणत होते.

लेक झोपलाय. पिशवीतले मटार वितळलेत. कोल्हापुरात आत्ता पाच वाजत आले असतील, आबा उठलेच असतील. फोन लावते. कान कसा शेकायचा ते विचारेन. आणि जमलं तर हेही, की आबा, तुम्हाला परत आखाड्यात जावंसं कधी वाटलं होतं का?